दोऱ्याचे दुसरे टोक

मी एक जुना सोनेरी चेंडू आहे. सोनेरी फक्त रंग. आतून मी पातळ पत्र्याचा आणि पोकळ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशातली गत.

मित्रांनो, एका कारागिराने मला घडवले आणि एका जादूगाराने विकत घेतले. तेव्हापासून एकतीस वर्षे मी रंगमंचावर तरंगतो आहे. लोकांना वाटते, जादूगाराच्या बोटांत शक्ती आहे. खरे सांगू का? माझ्यातून एक काळा दोरा जातो. त्याचे एक टोक डाव्या पडद्यामागे खिळ्याला बांधलेले, दुसरे उजव्या पडद्यामागे जादूगाराच्या बायकोच्या हातात. ती ओढते, मी चढतो. ती सोडते, मी उतरतो. टाळ्या आम्ही दोघे घेतो, मी आणि जादूगार.

गेल्या वर्षापासून मी हवेत थरथरू लागलो. जादूगाराने दोरा बदलला, मग खिळा बदलला. मला नव्याने रंगवले, रंग जड झाला म्हणून पुन्हा खरवडले. मी जीव तोडून सांगत होतो, अहो, दोष माझा नाही, तिचा हात कापतो आहे. पण पोकळ चेंडूचे कोण ऐकणार? आणि त्याने तिकडे पाहिलेच नाही. जादूगाराचा पहिला नियमच तो. गुपित जिथे असेल तिकडे बघायचे नाही, कारण प्रेक्षकांची नजर आपल्या नजरेमागे जाते. एकतीस वर्षे हा नियम पाळता पाळता घरीसुद्धा त्याची नजर तिच्या हातांवर जाईनाशी झाली होती.

परवा मी भर कार्यक्रमात खाली पडलो. लोक हसले. सभागृहाचे व्यवस्थापक म्हणाले, "रविवारी पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरा जादूगार बघू."

म्हणून आज नवरा-बायको दोघे मला घेऊन जादूच्या सामानाच्या दुकानात आले. दुकानदाराने कमरेला लावायचे एक छोटे यंत्र दाखवले. ते दोरा आपोआप ओढते आणि सोडते. "पडद्यामागे माणूस लागतच नाही," तो म्हणाला. त्या यंत्रावर मी इतका स्थिर तरंगलो की माझे मलाच रडू आले. मग फरक कळावा म्हणून त्याने जुन्या दोऱ्याचे टोक बाईंच्या हाती दिले. दुकानात पडदा नव्हता. जादूगाराने पहिल्यांदाच ते टोक पाहिले.

"हे कधीपासून?"

"झालं वर्ष."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही हे यंत्र तेव्हाच आणलं असतं. मग मी कुठे उभी राहणार होते?" ती खाली बघत म्हणाली. "आता घेऊन टाका. रविवारी चेंडू पडायला नको."

"बांधून देऊ ना?" दुकानदाराने विचारले.

जादूगाराने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. तरी ते थांबेनात. "यंत्राचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी हिला डॉक्टरकडे नेतो." दोघे घाईने निघून गेले आणि मी काउंटरवरच राहिलो.

आता दुकान बंद व्हायची वेळ झाली आहे. रविवारी मी तरंगेन की कायमचा अडगळीत पडेन, काही कळत नाही. तिच्या काळजीने जीव टांगणीला लागला आहे. मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण माझी निगा वर्षभर राखली गेली आणि ते वर्ष तिचे वाया गेले. तुमच्या घरात पडद्यामागे जे कोणी उभे असेल, त्याचे हात आजच बघा.