शेवंतीच्या उशाशी दिवा

मुलुंडच्या फुलांच्या प्रदर्शनात शेवंतीचा चषक सलग तीन वर्षं नंदकुमार प्रधानांनी मारला होता. चौथ्यांदा मिळाला की तो कायमचा घरात. शेजारचे मधुकर दिघे तिन्ही वेळा दुसरे आले, आणि तिन्ही वेळा दात दाखवून टाळ्या वाजवल्या.

अठ्ठावन्न साली पावसाळा सरता सरता प्रधानांच्या अर्जांना यश आलं. गल्लीत विजेचा दिवा लागला, तोही नेमका त्यांच्याच फाटकाशी. हेडक्लार्कचा अर्ज होता, उगाच नाही.

दिवाळी आली. शेवंती खांद्याला टेकली, पण कळी म्हणाल तर एक नाही. दिघ्यांकडे मात्र कळ्याच कळ्या. प्रधानांनी खत घातलं, शेवटी नारळसुद्धा फोडला.

त्यांचा मेहुणा शरच्चंद्र कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. जेवायला आला, झाडं बघितली आणि हसत सुटला.

"भावोजी, झाडाच्या आत घड्याळ असतं. पान रात्र मोजतं. रात्री लांबल्या की शेवंती समजते, आता फुलायचं. तुमच्या दिव्यामुळे तिचा अजून मे महिनाच चाललाय!"

"मग ती सदाफुली कशी फुलली?"

"तिला रात्रीचं सोयरसुतक नाही. शेवंतीच्या बीजातच आहे ते. अर्ज करून बदलत नाही! आजपासून अंधार द्या, जानेवारीअखेर प्रदर्शनाला फुलं येतील."

"दिवा काढा म्हणून लिहू?"

"लिहा ना," बायको, जयंती, म्हणाली. "अंधारात आयाबहिणींचे हाल होतात, ही बोंब तुमचीच होती."

माळ्यावर लढाईच्या वेळचा, खिडक्यांना लावायचा काळा कागद होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चार वाजता प्रधान शिडी लावून खांबावर चढले. दिव्याला निम्मा कागद गुंडाळतात तोच खाली दिघे.

"काय हो प्रधान, वर काय?"

"दिवा... पुसतोय."

"कागदानं?"

"धूळ फार बसते हो."

दिघ्यांनी कागद बघितला, फाटकाआडची बिनकळीची शेवंती बघितली, आणि गल्ली गोळा केली. "बघा रे! हेडक्लार्क माणूस, पण सगळ्यांचा दिवा स्वतः पुसतो!"

तिथल्या तिथे दीपसमिती निघाली. प्रधान अध्यक्ष, दिघे चिटणीस. चिटणीस रोज सकाळी दिवा जातीनं लख्ख करायचे. कागद लावायची सोय संपली. शेवंती प्रधानांच्या डोक्यावर गेली.

जानेवारीत चिटणिसांच्या सूचनेवरून प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे म्हणून अध्यक्षांनाच बोलावलं. प्रधानांनी घरून पिशवीत चषक नेला आणि स्वतःच्या हातानं दिघ्यांना दिला.

"दोन शब्द बोला ना," दिघे कानाशी म्हणाले. "उजेडावर बोला."