न खोडलेला मुद्दा

ज्योतीरामची नोकरी एका बंद सेन्सरवर अडली होती. प्रेस मशीनमध्ये हात गेला तर ते थांबवणारा हा सेन्सर दसऱ्याच्या सुट्टीनंतर बंद सापडला, तेव्हा मशीनवर ज्योतीराम होता. कंपनीनं चौकशी लावली.

निघोज्याहून तो वाकडला भाचीकडे गेला. तनुजा तक्रारींतले मुद्दे तपासणारा प्रोग्रॅम लिहीत होती. मामाचं प्रकरण तिनं त्यात घातलं. प्रोग्रॅमचा नियम साधा: ज्याला कुणीच खोडत नाही तो मुद्दा ग्राह्य. तो ज्याला खोडतो तो बाद. ज्याला खोडणारे सगळे बाद झाले, तोही ग्राह्य. काही बदलेनासं होईपर्यंत हेच.

कंपनी म्हणत होती, सेन्सर ज्योतीरामनं बंद केला. तो म्हणत होता, आधीच बंद होता. दोन्ही मुद्दे एकमेकांना खोडत होते. झाडलोट करणाऱ्या सगुणाबाईनं त्याच्या शिफ्टआधीच सेन्सरचा दिवा विझलेला पाहिला होता; पण ती त्याच्याच गावची, तिचं धरू नये, असं कंपनीचं म्हणणं. ते खोडणारं काहीच नव्हतं. सगुणाबाईचा मुद्दा बाद झाला, उरलेले दोन अधांतरी राहिले.

"म्हंजी मी खोटा?"

"खोटा नाही मामा, निकालच लागत नाही. सगुणाबाईच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवं. तुझ्याआधी मशीनवर कोण होतं?"

त्याला खंडेनवमी आठवली. पूजेचा झेंडूचा हार सेन्सरसमोर लोंबत होता आणि मशीन सारखं थांबत होतं. त्या दिवशी मशीनवर सुपरवायझर दादासाहेब स्वतः होते. सेन्सरची किल्ली त्यांच्याकडेच असे.

कँटीनमध्ये त्यानं आरोप केला नाही. तनुजानं काढलेलं, कोणता मुद्दा कुणाला खोडतो ते दाखवणारं बाणांचं चित्र दादासाहेबांपुढं ठेवलं आणि इथं एक मुद्दा कमी पडतोय, एवढंच सांगितलं. दादासाहेबांची निवृत्ती जवळ आली होती. ते चहा संपवून उठले.

चौकशीत मात्र ते स्वतःहून उभे राहिले. "सगुणाबाई खरं सांगतेय. ऑर्डर पुरी करायची होती आणि देवाचा हार काढायला हात धजेना. सेन्सर मी बंद केला, परत चालू करायला विसरलो."

हे कुणी खोडलं नाही. त्यांना लेखी ताकीद मिळाली. ज्योतीराम कामावर राहिला.

तो पेढे घेऊन वाकडला आला, तेव्हा प्रोग्रॅमनं काहीच सिद्ध केलं नाही, असं तनुजा म्हणाली.

"व्हय, पर कुणाकडं जायचं ते तुज्यामुळं कळलं," म्हणत त्यानं तिला दोनच पेढे दिले. बाकीचे सगुणाबाईचे आणि दादासाहेबांचे होते.

यंदा खंडेनवमीला दादासाहेबांनी हार त्याच्याकडे दिला. "तूच घाल, राव. तुला जागा ठाऊक आहे."

ज्योतीराम आधी त्यांच्या पाया पडला. मग हार सेन्सरपासून लांब, मशीनच्या मागच्या अंगाला बांधला.