दाराशी उभी असलेली

मित्रांनो, मी एक जुना, जाड कागद आहे. एका संग्रहालयाच्या आतल्या भिंतींवर कोणती चित्रे यावीत, हे दाखवणारा आराखडा. चित्रकाराने मला जेवणाच्या टेबलावर पसरले, चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि महिनाभर बायकोला मांडीवर ताट घेऊन जेवायला लावले. माझ्यावर नदी आली, होड्या आल्या, छतापर्यंत उडणारे बगळे आले.

भिंत केवढी आहे ते कळावे, म्हणून अशा कागदावर एखादे माणूस काढतात. चित्रकाराने उजव्या कडेला, दाराशी, बायकोलाच उभे केले. खांद्याला पिशवी, उंची अंगठ्याएवढी.

"अगं बाई! मी एवढीशीच?" ती हसली.

"तू आहेस म्हणून तर भिंत मोठी दिसते."

जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या भिंती रंगवल्या. बायकोचे चित्र मात्र हे एवढेच काढले.

संग्रहालयाच्या समितीने माझे तोंडभरून कौतुक केले. मग कुठे माशी शिंकली कोण जाणे, भिंतींना पांढरा रंग दिला आणि मला गुंडाळून कपाटावर टाकले. सुरुवातीला वाईट वाटे. पुढे तेही वाटेनासे झाले.

बऱ्याच वर्षांनी नव्या साहेबांनी मला खाली काढले. "अरे वा! हे माझ्या खोलीत लावा." एक फ्रेम रिकामी पडून होती. मी तिच्यात मावेना, म्हणून शिपायाने पट्टी ठेवून माझी उजवी कड कापली. मला दुखले नाही. कड केराच्या टोपलीत गेली.

थोड्याच दिवसांनी चित्रकार आला. पाठीत वाकला होता.

"आमची ही गेली गेल्या महिन्यात," तो साहेबांना म्हणाला. "तुमच्याकडच्या आराखड्यात आहे ती. तिला बघायला आलोय."

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले. चित्रकाराने चष्मा लावला. काचेवरून बोट फिरवत तो उजवीकडे आला आणि लाकडाशी थांबला.

"इथे होती."

"फ्रेममध्ये बसेना हो, म्हणून जरा कड काढली. चित्र तर सगळं आहे की!"

"हो. सगळं आहे."

तो खुर्चीत बसला. चहा आला, त्यावर साय धरली. मग तो उठून गेला.

मित्रांनो, माझी काच आता रोज पुसतात. नदी आहे, बगळे आहेत. पण भिंत केवढी, ते माझ्याकडे पाहून कळत नाही. तुम्ही एवढेच करा. काही कापायला घ्याल, तेव्हा कडेला कोणी उभे आहे का, ते आधी बघा.