आर्टिचोकच्या साक्षीनं

माझ्या बाबांना, म्हणजे नाझ्झारेनोंना, जगात दोनच गोष्टी पटत: स्वतःची वेर्दिक्कियो आणि तिची स्तुती. ही पांढरी वाइन आमच्या कुप्रामोंताना गावच्या टेकड्यांवर होते आणि डोंगराआड मातेलिकाच्या खोऱ्यातही होते. द्राक्ष एकच. तरी दोन्हीकडचे लोक दुसऱ्याची वाइन मोरीत ओतायच्या लायकीची समजतात.

आणि मी प्रेमात पडले ती मातेलिकाच्या क्वीन्तोच्या! दुसरं काही सुचलंच नाही मला.

बाबांनी अट घातली, "त्यानं माझ्या टेबलावर बसून कबूल करावं की आपली वेर्दिक्कियो सरस. मग खुशाल लग्न करा."

क्वीन्तो म्हणाला, "असं बोललो तर आमची आई मला दारात उभं करणार नाही."

दोघेही अडेलतट्टू आणि मध्ये माझं लग्न लटकलेलं. रडूच यायचं मला. शेवटी आई म्हणाली, "रविवारी जेवायला बोलाव त्याला. बाटली घेऊन येऊ दे."

बाबा खूश झाले. आईला म्हणाले, "आर्जिया, माशांचा रस्सा कर. मग बडीशेप घालून भाजलेला ससा. आपली वाइन कशी खुलते ते बघू दे त्या कार्ट्याला."

"एरवी नाही खुलत?"

"माझी वाइन? ती उकडलेल्या चपलेबरोबरही खुलेल!"

"बरं," आई म्हणाली. आईच्या 'बरं'ला मी लहानपणापासून घाबरते.

रविवारी क्वीन्तो बाटली पोटाशी धरून आला. बाबांनी दारातच सुरुवात केली. "खोऱ्यातली का? समुद्राचा वारा लागत नाही ना बिचारीला."

"आमचीला लाड लागत नाहीत, काका. कशाबरोबरही चालते."

"आमचीही!"

तेवढ्यात आईनं ताट आणलं. कच्च्या आर्टिचोकच्या, म्हणजे त्या काटेरी कळ्यांच्या भाजीच्या, पातळ चकत्या, वर लिंबू आणि तेल. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की आर्टिचोक खाल्ला की वाइनची माती होते. आधी गुळमट लागते, मग गंजका खिळा चाटल्यासारखी.

पण आता बोलणार कोण? दोघांनीही बढाया मारून ठेवलेल्या. बाबांनी घोट घेतला, त्यांचे डोळे पाणावले. "वा," ते म्हणाले. क्वीन्तोनंही घेतला आणि छताकडे बघत राहिला.

मग तळलेले आर्टिचोक आले. मग पुदिना घालून शिजवलेले.

"अगं, रस्सा कुठाय?" बाबांनी केविलवाणं विचारलं.

"का? वाइन खुलत नाहीये?" आईनं विचारलं.

"खुलतेय की! छान खुलतेय!"

दोन्ही बाटल्यांमधून पुन्हा ओतलं गेलं. मी टेबलाखाली हात चोळत बसले. अखेर क्वीन्तोनं ग्लास खाली ठेवला. "काका, माफ करा. आमची वाइन आज भिकार लागतेय."

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. मातेलिकाच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला 'तुमची भिकार' म्हणता आलं असतं, पण तो 'आमची' म्हणाला. बाबांनी स्वतःचा ग्लास दूर सारला.

"माझीही," ते पुटपुटले. मग एकदम हसत सुटले. "अरे, काय घाण लागतेय! पोरा, स्वतःच्या वाइनला नावं ठेवणारा माणूस बायकोपुढे चूकही कबूल करेल. कधी करायचं लग्न?"

"द्राक्षं काढून झाली की," आईनं तयारच ठेवलेलं उत्तर दिलं. "ऑक्टोबरचा पहिला शनिवार. ठरलं?"

"ठरलं!"

तेव्हा कुठे आईनं भट्टीतून ससा काढला. बडीशेपेचा वास घरभर पसरला. बाबांनी पावाचा तुकडा चावला, सशाचा घास घेतला, मग वाइनचा. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच बोट वर गेलं. "बघ! बघ आता! मी म्हणत नव्हतो, आपलीच—"

"काका, आधी आमची पिऊन बघा, मग—"

आईनं उरलेल्या आर्टिचोकचं पातेलं दोघांच्या मधोमध ठेवलं. दोघेही गप्प ससा खाऊ लागले.

लग्नात आईनं मला ना सोनं दिलं, ना चादरी. तेलात मुरवलेल्या आर्टिचोकच्या बरण्या दिल्या. म्हणाली, "सासरी लागतील." मातेलिकात पाऊल ठेवलं त्याच संध्याकाळी पहिली उघडावी लागली.