मी घेतलेला ट्रॉम्बोन

वन्संनी त्यांचा जुना ट्रॉम्बोन माझ्या लेकीला देऊ केला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा मात्र खूश. "घरात वाद्य असताना दुसरं कशाला?" म्हणे. त्याची बहीण ना ती! त्याला काय कळणार.

वन्सं बस डेपोत मेकॅनिक आहेत आणि डेपोच्या बँडमध्ये वीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवतात. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. दर रविवारी लेक त्यांच्याकडे शिकायला जाते आणि संध्याकाळी येते ती आत्यापुराण घेऊनच. आत्या अशी हसली, आत्याने असं वाजवलं. मी आठवडाभर हिचे डबे भरते, गणवेश शिवते, केस विंचरते, आणि मी काही विचारलं की उत्तर काय, तर "हं" नाहीतर "बरं". जळते मी. उघड सांगते, जळते.

शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनची एकच जागा रिकामी होती आणि शनिवारी निवड होती. मी मनाशी पक्कं केलं, पोरगी निवडीला जाईल तर मी घेतलेलं वाद्य घेऊन जाईल. शिवणकाम अर्ध्यावर टाकलं आणि तडक वाद्यांचं दुकान गाठलं.

"सगळ्यात स्वस्त ट्रॉम्बोन दाखवा," मी म्हटलं. "पण स्वस्त दिसायला नको."

दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग आतून एक पेटी आणली. "शिकणाऱ्याला हा पुष्कळ झाला. एक वर्ष वापरलाय. इथे जरा पोचा आहे, आवाजाला काही होत नाही."

पोचा मला खुपला, पण किंमत खुपली नाही. ट्रॉम्बोनला बटणं नसतात. एक लांब नळी हाताने पुढेमागे सरकवायची, तसा सूर बदलतो. दुकानदार म्हणाला, "मुलीचा हात पुरायला हवा हं." मी गळ्यातली टेप काढली आणि नळीला लावली. लेकीचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, मला तोंडपाठ आहे. विचारा बघू तिच्या आत्याला!

"शेवटचा सूर वर्षभराने येईल हाताशी. तोवर चालेल," तो म्हणाला. "आणि नळीचं तेल घ्या सोबत." अंगठ्याएवढी बाटली पुढे केली.

"अहो, शिलाईवाल्या बाईला तेल विकताय?" म्हटलं आणि पेटी उचलून चालू लागले.

लेकीने पेटी उघडली, पोच्यावरून बोट फिरवलं आणि "छान आहे" म्हणाली. दोन शब्द का होईना, मी हरखले. लगेच पुढे, "आत्याला कधी दाखवू?" घ्या!

गुरुवारी ती शाळेत गेल्यावर मी मशीनला तेल दिलं, तसंच त्या नळीलाही दिलं. चांगलं सढळ हाताने, वरून खालपर्यंत. वन्संच्या वाद्यापेक्षा माझं वाद्य हलकं चालायला हवं होतं ना! शुक्रवारी दुपारी लेक वाजवायला बसली, तर नळी जागची हलेना. ओढली की चिकटायची, सोडली की अडायची.

"आई, उद्या निवड आहे गं," ती रडवेली झाली. "मी आत्याला बोलावते."

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

वन्सं डेपोच्या कपड्यांतच आल्या. नळी बाहेर काढली, बोट फिरवलं, वास घेतला. "हे तर शिलाई मशीनचं तेल! कोणी घातलं?"

मी कात्री हातात धरून उभी.

"मी घातलं, आत्या," लेक म्हणाली.

"गाढव आहेस! दुकानात चिमुकली बाटली मिळते, ती काय शोभेला ठेवतात?" वन्सं तिला फाडफाड बोलल्या आणि दुसऱ्या मिनिटाला बाही सरसावून न्हाणीघरात शिरल्या. साबण, कोमट पाणी. मी मऊ कापडाच्या पट्ट्या फाडून दिल्या, त्या एका लांब सळईला गुंडाळून वन्संनी नळी आतून पुसली. मग खिशातून आपली बाटली काढून दोन थेंब सोडले. नळी सुळकन सरकली.

"वहिनी, वाद्य चांगलं निवडलंत हो," त्या म्हणाल्या. "नळी सरळ आहे. तेवढंच बघायचं असतं."

नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

त्या हात धुवायला गेल्या तशी मी लेकीला स्वयंपाकघरात ओढलं. माझा ऊर भरून आला होता. शेवटी पोर माझीच, मला सांभाळून घेतलं. केसांवरून हात फिरवत म्हटलं, "माझ्यासाठी खोटं बोललीस होय गं?"

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "आत्या मला रागावते आणि विसरून जाते. पण तुला हसली असती, तर तू मला रविवारी तिच्याकडे पाठवलंच नसतंस."

आवाजात राग नव्हता. सरळ सांगून टाकलं. "काहीतरीच काय!" माझ्या ओठांवर आलं होतं. पण गेल्या महिन्यात वन्संनी तिच्या नव्या फ्रॉकची लांबी चुकली म्हटल्यावर लागोपाठ दोन रविवार मी तिला सर्दीचं निमित्त सांगून घरात ठेवलं होतं. सर्दी नव्हती. ते तिलाही माहीत होतं.

वन्सं दारात बूट घालत होत्या.

"वन्सं, थांबा," मी म्हटलं. "तेल मी घातलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "किती घातलंत?"

"भरपूर."

मग ज्या हसल्या! एक बूट पायात, एक हातात, दाराची चौकट धरून हसतायत. शेजारीण खिडकीत आली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि खरं सांगते, तो बूट हिसकावून रस्त्यावर भिरकावावासा वाटला. लेक हसत नव्हती. ती आत्याकडे बघतही नव्हती. श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पुरे की आता," मी वन्संना म्हटलं. "उद्या निवड होवो न होवो, परवा हिला सकाळीच पाठवते. जेवायलाही तिकडेच राहील."

लेकीने श्वास सोडला.