देवाच्या वाट्याची कोंबडी

आमच्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरात हंगामाचा सण होतो. शेतात, परसात जे पिकलं त्यातलं काहीतरी त्या रविवारी वेदीसमोर आणून ठेवायचं. उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा आणि पैसे चर्चला द्यायचे. ऊस, भुईमूग, हळद, भोपळे येतात. माझ्यासारख्या कुपवाडला कारखान्यात जाणाऱ्यांना शेत नाही, म्हणून आमच्यातलं कोणी अंडी आणतं, कोणी डझनभर साबण. वस्तू लिलावात गेली की देणाऱ्यानं उभं राहून एक वाक्य बोलायचं, कशाबद्दल देवाचे उपकार ते.

माझी बायको विजयमाला दर वर्षी कोंबडी द्यायची. पिल्लू असतानाच एक निवडायची, तिच्या पायाला जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधायची आणि सांगायची, ही देवाच्या वाट्याची. मग त्या कोंबडीला कापायचं नाव कोणी काढायचं नाही.

या वर्षीचं पिल्लू तिनं डिसेंबरात निवडलं. तेव्हा आठवड्यातून दोनदा मिरजेला तिचं डायलिसिस चालू होतं. मार्चमध्ये ती गेली.

मी चर्चला जायचं सोडलं नाही. पण उपकार मानायची वेळ आली की बसून राहायचो. पाळकसाहेब माझ्याकडं बघायचे, मी खाली बघायचो. देव आहे हे मला माहीत होतं. त्याला म्हणण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

पिल्लाची तांबडी कोंबडी झाली. विजयमाला दुपारचं जेवण झालं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हाक मारून भाताची शितं टाकायची. ती गेल्यावरही कोंबडी त्या वेळेला उंबऱ्यावर येऊन उभी राहायची. माझी सुट्टी असली की मी बघायचो. मान वाकडी करून आत बघत राहायची. घरात विजयमालाची वाट बघणारं माझ्याशिवाय तेवढंच होतं.

सण जवळ आला तशी माझी झोप गेली. द्यायची तर होतीच. देवाची होती. पण चर्चमधून नेलेली कोंबडी रविवारी संध्याकाळी कुणाच्याही पातेल्यात जाते, हे मला माहीत होतं. मीच किती वेळा खाल्लीय.

शनिवारी मी शेजारच्या चांदबीकडं गेलो. ती कोंबड्या पाळते, विकते. एक तांबडी मागितली. ती म्हणाली, भाऊ, तुमच्याकडं हाय की, आणि कशाला? मी म्हटलं, अंडी पुरत नाहीत. एकट्या माणसाला एका कोंबडीची अंडी पुरत नाहीत, यावर तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि कोंबडी धरून दिली.

घरी येऊन मी आमच्या कोंबडीच्या पायाची चिंधी सोडायला बसलो. गाठ विजयमालाची, हातानं सुटेना. शेवटी दातांनी सोडवली आणि नव्या कोंबडीच्या पायाला बांधली.

रविवारी लिलाव नेहमीसारखा जयराजनं पुकारला. तो टेम्पो चालवतो, आवाज मोठा आहे. भोपळा उचलून म्हणाला, "घ्या मंडळी, पाळकसाहेबांच्या प्रवचनापेक्षा हलका हाय." पाळकसाहेबच सगळ्यात जास्त हसले. मग त्यानं कोंबडी उचलली, पायाची चिंधी दाखवली आणि आवाज बारीक केला. ही विजयमालावैनींनी आजारपणात राखलेली, असं त्यानं सांगितलं.

बोली भराभर चढली. चारशेच्या पुढं गेल्यावर मागच्या बाकावरून रंगूबाईनं पाचशे म्हटलं. रंगूबाई सत्तरीच्या पुढची, एकटी राहते, सरकारच्या निराधार पेन्शनवर भागवते. विजयमाला तिच्या शेजारी बसायची. जयराज पुकारायचा थांबला. म्हणाला, "मावशी, एवढ्यात दोन कोंबड्या येतील. रस्सा पचायचा का तुमाला?"

"मला कापायची न्हाई ती," रंगूबाई म्हणाली. "तिच्या हातचं कायतरी घरात असावं म्हणून घेते. तू पुकार."

दुसऱ्या कोणी पुढं बोली लावली नाही. जयराजनं एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं. मी उभा राहिलो.

"थांब, जयराज. ही तिची न्हाई. ही मी काल इकत आणलीया. तिची घरी हाय."

एक लहान पोर हसलं, त्याच्या आईनं त्याला गप्प केलं. पाळकसाहेब उठायला लागले, पण रंगूबाई आधी बोलली.

"मग जा की घरी. आण जा. मी हाय बसून."

मी निघालो तर ती मागून म्हणाली, "आन् सायकल हळू मार रं. कोंबडीला चक्कर यायची."

तेव्हा सगळे हसले.

घर दहा मिनिटांवर आहे. पोचलो तर कोंबडी उंबऱ्यावर उभी होती. मी डब्यातला सकाळचा भात टाकला आणि तिचं खाऊन होईपर्यंत शेजारी बसलो. दार लावून तिथंच बसावं असं वाटत होतं. कोणी बोलवायलाही आलं नसतं. पण रंगूबाई बाकावर बसून राहिली असती, हे मला माहीत होतं. माझ्याइतकीच तिलाही विजयमाला हवी होती, आणि मी तिला चांदबीची कोंबडी देत होतो. पिशवीत घातली तेव्हा कोंबडीनं जरासुद्धा फडफड केली नाही.

चर्चमध्ये एकही माणूस उठून गेला नव्हता. मी कोंबडी रंगूबाईच्या मांडीवर ठेवली. तिनं तिचे पंख चाचपले, मान हलवली. जयराजनं तिसरा वार म्हटला आणि माझ्याकडं बघितलं. वाक्य बोलायचं राहिलं होतं.

घरून निघताना मी काहीही ठरवलं नव्हतं.

"विजयमाला होती," मी म्हटलं. "एकोणतीस वर्षं होती. देवा, तुझे उपकार."

पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं, मग सगळ्यांनी.

दुसऱ्या कोंबडीचं काय करायचं, हे जयराजनं विचारलं. मी म्हटलं, तीपण पुकार, खोटं बोलायला आणलेली घरी कशाला नेऊ. पाळकसाहेबांनी स्वतःच घेतली आणि माझ्या पिशवीत टाकली. म्हणाले, तिनं काही केलं नाही, तिला शिक्षा कशाला.

साताऱ्याला माझी मुलगी संयोगिता असते. दुपारी तिचा फोन आला तेव्हा सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग 'दातांनी गाठ सोडवली' यावर हसायला लागली आणि थांबेचना. आई असती तर तुम्हाला चर्चच्या दारातच ओरडली असती, म्हणाली. ओरडलीच असती.

पुढच्या रविवारी रंगूबाईनं मला गाठलं. कोंबडीनं आठ दिवसांत एकही अंडं दिलं नव्हतं.

"उपाशी ठेवत हुतास काय रं तिला?"

मी म्हटलं, भात लागतो तिला, मऊ लागतो, आणि हाक मारून टाकावा लागतो.

"हाक कशी मारायची ती तुलाच ठावं. मंगळवारी ये, दाखव. चहा ठेवते."

मंगळवारी कामावरून सुटून मी तिच्याकडं गेलो. कोंबडी दोऱ्यानं खाटेच्या पायाला बांधलेली होती. मी आधी दोरा सोडला.