प्लास्टरातले हरभरे

मी एक जुना, कडेचा पारा उडालेला आरसा आहे. मित्रांनो, चिकपेटेच्या बाजारात एका दुकानात होतो तेव्हा दिवसभर नवी नवी तोंडे पाहायचो. मग शालनच्या नवऱ्याने मला विकत घेतले आणि बंगळूरच्या एका इस्पितळात तिच्या खाटेशेजारी खिळ्याला टांगले.

शालनच्या पाठीच्या कण्याला क्षय झाला होता. गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर. उताणे पडायचे आणि छत बघायचे. केससुद्धा कापलेले. पहिल्याच दिवशी तिने आयाला सांगून माझे तोंड भिंतीकडे करवले. ती प्लास्टरात कोंडलेली आणि मी चुन्यासमोर! हळूहळू तिने जेवणही टाकले. डॉक्टर म्हणत, अशाने हाड भरणार कसे? मला फार भीती वाटे.

शेजारच्या खाटेवर निपाणीची यल्लव्वा होती. तिचा पाय कमरेपासून प्लास्टरात, जीभ मात्र मोकळी. चैत्र लागताच तिने हट्ट धरला, वॉर्डात हळदीकुंकू झालेच पाहिजे. अंबूबाई आयाने ओटीसाठी हरभरे भिजवून आणले. पण शालनला पदर कुठला? अंबूबाईने छातीवरच्या प्लास्टरावरच ओंजळ रिकामी केली आणि ओले हरभरे गळ्याच्या फटीतून घरंगळत आत गेले.

"अगं काढा! गारगार लागतंय!" शालन ओरडली.

"स्वल्प दम धर की, अक्का," यल्लव्वा म्हणाली. "आत ऊब हाय. उद्याला मोड येतील, मग उसळच करू. वॉर्डाला पुरंल!"

शालन हसली. हसता हसता रडली, पुन्हा हसली, आणि हरभरे आणखी खाली गेले. अंबूबाई विणायच्या सुईने एकेक उकरत बसली. यल्लव्वाने काठी लांबवून मला सरळ केले.

"शी! माकडच दिसते मी," शालन म्हणाली. त्या दिवशी तिने भात मागून घेतला.

तिचे प्लास्टर कापले तेव्हा एक वाळका हरभरा खाली पडला. मला यल्लव्वाकडे ठेवून ती राजाजीनगरला घरी गेली. यल्लव्वाचा पाय मात्र भरेना. तिला पुन्हा प्लास्टर घातले, त्या दिवशी सगळ्यांना हसवणाऱ्या यल्लव्वाने काठीनेच मला भिंतीकडे फिरवले.

पुढच्या चैत्रात एका हाताने मला सरळ केले. शालन! दुसऱ्या हातात हरभऱ्यांची वाटी.

"यल्लव्वा, पदरात भरू की प्लास्टरात?"

यल्लव्वाने आधी माझ्यात पाहिले, मग वाटीत.

"प्लास्टरातच घाल," ती म्हणाली. "उसळ राहिलीय की."

मित्रांनो, माझी काच पुसायची राहिली तरी चालेल. पण कोणी आरसा भिंतीकडे फिरवून पडलेले दिसले, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. जमले तर हरभरे घेऊन जा.